वर्षभराच्या कामाचा हिशेब आमच्या गल्लीच्या फळ्यावर येऊ द्या

मा. महापौर, मा. उपमहापौर, मा. आयुक्त आणि सर्व सन्माननीय नगरसेवक,
बेळगाव महानगरपालिका

स. न. वि. वि.

मी वडगावात राहते. मराठी प्राथमिक शाळेत 31 वर्षे शिकवून निवृत्त झाले. नोकरीसाठी कन्नड शिकावे लागले आणि शिकता शिकता त्याची गोडी लागली. आज माझी नात आणि मी मिळून कन्नड वर्तमानपत्र वाचतो. गल्लीत दोन्ही भाषा सराईतपणे वाचणारी माणसे थोडी, म्हणून दिवेलागणीला कुणी ना कुणी हातात कागद घेऊन माझ्या पायरीशी येतेच. कधी घरपट्टीचे चलन, कधी विजेचे बिल, कधी बँकेचे पत्र. मी वाचते, अर्थ सांगते, सही कुठे करायची तिथे बोट ठेवते. त्या पायरीवर बसून जे उमजले तेच आज तुम्हाला लिहिते आहे.

मागणी एकच आहे. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपल्यावर पालिकेच्या विभागांनी वर्षभरात काय केले याचा जो अहवाल होतो, तो प्रभागवार मांडावा आणि कन्नडबरोबर मराठीतही द्यावा. 58 प्रभाग आहेत, 58 पाने होतील. एका प्रभागाला एक पान पुरे.

ही मागणी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. मध्यंतरी शेजारच्या आज्जींनी एक वर्तमानपत्र आणून दिले. त्यात शहरातल्या विकासकामांवर पानभर मजकूर होता. आज्जींचा सारा जन्म मागावर गेला. साडीचा पोत त्या डोळे मिटून सांगतात, पण अक्षरओळख नाही. मी सगळे वाचून दाखवले. इतके किलोमीटर रस्ते, इतके कोटी रुपये, इतके दिवे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, ह्येच्यात आमच्या गल्लीचं कुठं लिवलंय?" मी कागद पुन्हा वरून खालपर्यंत पाहिला. आमच्या गल्लीचे त्यात काही नव्हते. कुठल्याच गल्लीचे नव्हते. त्यांनी तक्रारीच्या सुरात विचारले नव्हते. शहराचे लिहिले आहे म्हणजे आपलेही असणारच, असे धरून विचारले होते. मला उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न मनातून जात नाही.

हिशेब लोकांपर्यंत पोचतो तेव्हा तो कसा असतो, हे आपल्याच शहराला चांगले ठाऊक आहे. जूनचा पहिला पाऊस पडला की बेळगावात घरोघरी वर्तमानपत्रातला राकसकोप जलाशयाच्या पातळीचा आकडा आधी पाहिला जातो. 2475 फूट झाले की जलाशय भरला, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. काल किती होते, आज किती चढले, मागच्या वर्षी याच तारखेला किती होते, यावर कट्ट्यावर चर्चा रंगते. इंजिनिअर नसलेली, कधी राकसकोप न पाहिलेली माणसे हा आकडा इतक्या आपुलकीने का वाचतात? तो रोज एकाच मापात छापून येतो. मागच्या वर्षीचा आकडा शेजारी असतो. आणि त्या आकड्यावरून आपल्या नळाचे काय होणार हे प्रत्येकाला स्वतःचे स्वतः काढता येते. वार्षिक अहवालाकडून मला एवढेच हवे आहे. प्रत्येक विभागाचा एकेक राकसकोप असावा.

पाण्यापासूनच सुरुवात करते, कारण बायकांचा दिवस पाण्यावर ठरतो. मार्कंडेयावरचा राकसकोप आणि घटप्रभेवरचा हिडकल, या दोन जलाशयांवर आपण जगतो. चोवीस तास पाण्याची योजना जागतिक बँकेच्या कर्जातून शहराच्या काही भागांत 2008 च्या सुमारास सुरू झाली. हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याबरोबर बेळगावचीही त्यासाठी निवड झाली होती, याचा आम्हाला अभिमान वाटला होता. ज्यांच्या घरी ते पाणी आले त्यांनी बॅरल काढून टाकली, रात्री-अपरात्री उठणे थांबले. माझी एक मैत्रीण त्या भागात राहते. तिच्याकडे मी पहिल्यांदा दुपारी दोन वाजता नळ सोडून पाहिला होता आणि पाणी आल्यावर आम्ही दोघी उगीचच हसलो होतो. म्हणून सांगते, हे काम मोठे आहे, त्याचे श्रेय घ्याच. पण पुढे सारे शहर त्यात यायचे आहे. तेव्हा प्रभागाच्या पानावर हे लिहावे: या प्रभागात किती घरे, त्यांतली किती चोवीस तास पाण्यावर गेली, मागच्या 31 मार्चला किती होती, उरलेल्यांना किती दिवसांआड पाणी येते. चार आकडे. नळजोडणीसाठी किती किलोमीटर नळ टाकला हे कंत्राटदाराच्या बिलासाठी लागते. आज्जींना "किती दिवसांआड" हे कळले की झाले.

पाण्याचा हिशेब कसा राहतो याचे एक उदाहरण टिळकवाडीतच आहे. डिसेंबर 1924 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सगळी व्यवस्था अंगावर घेतली होती. आलेल्या माणसांना पाणी हवे म्हणून विहीर खोदली, तिला पंपा सरोवर म्हटले. आपण तिला काँग्रेस विहीर म्हणतो. तिला 4,370 रुपये 3 आणे खर्च आला. शंभर वर्षांनंतरही वरचे तीन आणे आपल्याला सांगता येतात! आणि 1995 च्या टंचाईत राकसकोपने तळ गाठला, तेव्हा पालिकेच्याच अभियंत्यांनी शहरातल्या जुन्या विहिरी उपसून, गाळ काढून पुन्हा वापरात आणल्या, त्यांत हीही विहीर होती. मला विचाराल तर पालिकेच्या इतिहासातले ते सर्वांत शहाणपणाचे काम. आज कोणत्या प्रभागात अशा किती विहिरी आहेत, कितींचे पाणी वापरात आहे, किती बुजल्या, हे त्या-त्या पानावर आले तर तरुण मुले त्या विहिरी शोधत जातील. आमच्या भागातल्या काही विहिरींच्या जागा मला अजून दाखवता येतील. माझ्यानंतर कोण दाखवणार?

आता आरोग्य विभाग. त्याच्या कामाबद्दल मी हात राखून लिहिणार नाही, कारण मला ते रोज दिसते. पहाटे साडेपाचला आमच्या गल्लीत झाडूचा आवाज येतो. अनंत चतुर्दशीची मिरवणूक हुतात्मा चौकातून निघते, रामलिंग खिंड गल्ली, हेमू कलानी चौक करत कपिलेश्वर तलावाकडे सरकत राहते, दुसरा दिवस उजाडून वर येतो तरी शेवटची मंडळे वाटेतच असतात. त्यानंतर तो सगळा रस्ता गुलाल, कागद, पत्रावळी, बाटल्या, चपला यांनी भरलेला असतो. आणि दुपारी बाजाराला गेले तर रस्ता स्वच्छ! तलावातून मूर्तींचे अवशेष, जक्कीनहोंड्यातला गाळ, निर्माल्य हे सगळे काढणारी माणसे रात्रभर जागलेली असतात. ही माणसे कोणत्याही अहवालात दिसत नाहीत. दिसतो तो कचरा, टनांत. माझी विनंती आहे की प्रभागाच्या पानावर आमच्या पौरकार्मिकांची, म्हणजे सफाई कामगारांची, संख्या असावी. किती जण कायम, किती थेट वेतनावर, किती कंत्राटी, हातमोजे आणि बूट वर्षातून किती वेळा मिळाले, आरोग्य तपासणी झाली का. 23 सप्टेंबरला पौरकार्मिक दिन होतो, सत्कार होतात, ते चांगलेच आहे. पण ज्या बाईने आमचे गटार काढले तिच्या पायांत बूट आहेत की नाहीत हे पाहणे कर भरणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे, आणि ते पाहायला आम्हाला आकडा लागतो.

कचऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट मनात आहे. आपण ओला-सुका वेगळा केला नाही, तर तो सगळा एकत्र तुरमुरी गावच्या कचरा डेपोत जातो. नियमांप्रमाणे कचरा घरातच वेगळा करायचा आहे. आमच्या गल्लीत किती घरे वेगळा करून देतात हे पानावर लिहा, आम्हाला लाज वाटली तरी चालेल. शिकवण्याच्या नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आहे: फळ्यावर वर्गाची हजेरी लिहिली की पोरे दुसऱ्या दिवशी वेळेवर येतात. आणि शहराच्या अहवालात तुरमुरीकरांनाही एक पान द्या. ते आपले मतदार नाहीत, पण आपला कचरा त्यांच्या शिवारात आहे. तिथे वर्षभरात किती कचऱ्याचे खत झाले, किती तसाच पडून राहिला, वासाबद्दल आणि पाण्याबद्दल त्या गावच्या लोकांनी काय सांगितले, हे आम्हा शहरवाल्यांना वाचायला मिळायला हवे.

बळ्ळारी नाल्यावर लिहायला बसले की हात थांबत नाही, कारण माझे माहेर शेतकऱ्याचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शहराचे पावसाचे पाणी आणि त्यात मिसळलेले बरेच सांडपाणी या नाल्याने वाहते, आणि शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातून पुढे जाते. याच शिवारात बेळगावचा बासमती पिकायचा. एका घरात भात शिजला की चार घरांना वास यायचा, तो तांदूळ. नाल्यात गाळ साचतो, जलपर्णी माजते, काठावर अतिक्रमणे होतात, आणि जुलैचा पाऊस लागला की पाणी पात्र सोडून शेतात शिरते. लावणी केलेली रोपे आठ-आठ दिवस पाण्याखाली राहून कुजतात. शेतकरी दुबार लावणी करतो, ती गेली तर तिबार. तरवा संपतो, बियाण्याचा खर्च अंगावर येतो. ऑगस्ट 2019 चा महापूर सगळ्यांच्या लक्षात आहे, पण नाल्याकाठच्या शेतकऱ्याला पूर नव्या तारखेने दरवर्षी येतो.

या नाल्याचे काम एकट्या पालिकेचे नाही हे मी जाणते. पाटबंधारे खाते आहे, महसूल खाते आहे, जिल्हा प्रशासन आहे. नेमके म्हणूनच ते कुणाच्याच वार्षिक अहवालात नीट येत नाही. जो तो आपापला तुकडा लिहितो. पालिकेने पहिले पाऊल टाकावे. नाल्याचा शहरातला भाग किती लांबीचा, त्यातला किती मेच्या आत साफ झाला, कोणत्या तारखेला झाला, कोणत्या ठिकाणी सांडपाणी नाल्यात मिसळते, त्यातले किती थांबवले, एवढे लिहा. तारीख फार महत्त्वाची आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काढून काठावर टाकलेला गाळ पहिल्या मोठ्या पावसात परत नाल्यात जातो, हे आमच्या शिवारातला कुठलाही माणूस सांगेल. हलग्याच्या सांडपाणी प्रकल्पासाठी शेतकऱ्यांनी आपली सुपीक जमीन जाऊ नये म्हणून किती वर्षे लढा दिला हे सगळ्या शहराने पाहिले आहे. शहराचे सांडपाणी कुठेतरी शुद्ध व्हायला हवे, हे मलाही पटते. पण ज्यांची जमीन गेली किंवा ज्यांच्या जमिनीत घाण पाणी शिरले, त्यांचे नुकसान पालिकेच्या कामगिरीच्या त्याच पानावर, त्याच अक्षरांत छापले जावे असे मला मनापासून वाटते.

रस्ते, दिवे, बागा यांवर थोडक्यात. बेळगाव जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत आले, आणि ते अभियान मार्च 2025 मध्ये संपले. आता त्या कामांची देखभाल कोण करणार, कोणत्या खर्चातून करणार, हे प्रत्येक प्रभागाला सांगितले पाहिजे. किल्ला तलावाकाठचा 110 मीटर उंच ध्वजस्तंभ पाहायला बाहेरगावचे पाहुणे येतात, आम्ही कौतुकाने दाखवतो. गल्लीतला बंद दिवा किती दिवसांत लागतो, हेही मला तेवढ्याच कौतुकाने दाखवायला आवडेल.

महसूल विभागाकडे वळते, कारण भाषेची गोष्ट तिथे येते. एप्रिलमध्ये घरपट्टी भरली की 5 टक्के सवलत मिळते. ज्याला कळते तो भरतो. ज्याला कळत नाही तो मे-जूनमध्ये पूर्ण रक्कम भरतो, म्हणजे न वाचता येण्याचा दंडच भरतो. कोणत्या प्रभागात किती जणांनी ही सवलत घेतली हे छापा. माझी खात्री आहे की जिथे सूचना लोकांना वाचता येत नाही तिथे आकडा कमी दिसेल. ई-खात्याचे, म्हणजे मालमत्तेच्या संगणकावरच्या नोंदीचेही तसेच. स्टँपपेपरवर जागा घेतलेली कितीतरी कुटुंबे शहराच्या कडेकडेने राहतात. त्यांना अ खाते म्हणजे काय, ब खाते म्हणजे काय, कोणते कागद जोडायचे, हे त्यांच्या भाषेत एकदा नीट सांगितले तर एजंटाकडे जायची पाळी येणार नाही आणि पालिकेची वसुलीही वाढेल.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका भाऊंच्या घरी नोटीस आली. ती पालिकेची नव्हती, आणि कुणाची होती हे सांगून मला कुणाला बोल लावायचा नाही. मी तेव्हा मुलीकडे गावाला गेले होते. भाऊंनी नोटीस देवघरातल्या फळीवर जपून ठेवली, "बाई आल्या की वाचून घेऊ" म्हणून. मी आले, वाचली. हरकत नोंदवायची मुदत उलटून चार दिवस झाले होते. भाऊ काही बोलले नाहीत. कागदाची घडी घालून उठले. मला मात्र आपण गावाला गेलो याचेच वाईट वाटत राहिले, आणि मग वाटले, एका शहराचा कारभार एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या घरी असण्या-नसण्यावर का चालावा?

यात मी नवे काही मागत नाही. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हाच केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणे ठरवली. ज्या ठिकाणी अल्पसंख्याक भाषा बोलणारे 15 टक्क्यांच्या वर आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे त्यांत आहे. बेळगाव शहरात मराठी माणूस 15 टक्क्यांच्या किती वर आहे हे तुम्हाला सांगायला नको. माहिती अधिकार कायदा 2005 चा. त्याच्या चौथ्या कलमात माहिती मागायची वाट न पाहता स्वतःहून द्यावी आणि देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असे लिहिले आहे. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाल जेव्हा लागेल तेव्हा लागेल, आणि माझे मत त्याबाबतीत काय आहे ते कुणीही ओळखेल. पण नळाला पाणी कधी येणार हे कळायला त्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. कन्नड वर, मराठी खाली, तसेच छापा. माझी नात वरचे वाचेल, आज्जींना मी खालचे वाचून दाखवेन. निपाणी आणि खानापूरच्या कारभाऱ्यांनीही हे पत्र आपल्यासाठी आहे असे समजावे.

शेवटी नगरसेवकांना थोडे. 2019 मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली, सप्टेंबर 2021 मध्ये निवडणूक झाली, आणि महापौर-उपमहापौर निवडायला फेब्रुवारी 2023 उजाडला. मधल्या काळात कोविड होता, आणि गल्लीगल्लीत माणसे जात होती. त्या वर्षांचा हिशेब आमच्यापुढे कुणी मांडायचा होता? आता सभागृह आहे, चार स्थायी समित्या आहेत. 74 व्या घटनादुरुस्तीने 3 लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. 2011 च्या जनगणनेतच बेळगावची लोकसंख्या 4 लाख 88 हजार होती. प्रभाग समितीच्या बैठकीत हे एक पान मोठ्याने वाचले जावे. जे झाले नाही तेही वाचावे, का झाले नाही तेही. लोक चिडतील असे वाटत असेल तर माझा अनुभव वेगळा आहे. "तुमचे काम झाले नाही, अमुक कारणाने अडले आहे, अमुक तारखेला होईल," असे कुणी समोर येऊन सांगितले तर आमच्या गल्लीतली माणसे चहा विचारतात.

आमच्या गल्लीत मंडळाचा एक फळा आहे. त्यावर मयताची बातमी लागते, पारायणाची वेळ लागते, दहावीच्या मुलांची नावे लागतात. तीन फूट रुंद आणि चार फूट उंच आहे, मी मोजला. प्रभागाचे एक पान त्यावर मोठ्या अक्षरांत मावते. तुम्ही फक्त पान पाठवा. खडू माझ्याकडे आहे, अक्षर अजून चांगले आहे, आणि कन्नड व मराठी दोन्हीत मी ते स्वतः लिहून काढीन.

कळावे,
आपली नम्र,
वडगावातली एक करदाती